टारझनचे नाव काय?

काही दिवसांपूर्वी एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने रॅमसे बंधूंच्या भयपटांतील नटांवर निबंध लिहिण्याची इच्छा बोलून दाखवली. व्यासपीठावरून उत्तर आले, "त्यांत नट होते का?" सभागृह हसले. आम्हीही हसलो, हे आधीच कबूल केलेले बरे. हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या प्रश्नाचे उत्तर सभागृहातल्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसणे हीच आपल्या सुसंस्कृतपणाची खूण आहे, असे सगळे मानून चालले होते. साहित्याच्या अभ्यासकाला एखादी गोष्ट माहीत नसणे क्षम्य आहे. त्या अज्ञानाची प्रौढी मिरवणे क्षम्य नाही. प्रस्तुत लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, म्हणजे अंशतः आमच्याविरुद्धही.

उदाहरण मराठीच घेऊ. हेमंत बिर्जे हे नाव उच्चारले तर आमच्या वर्गातील निम्मे विद्यार्थी कोरा चेहरा करतात. 'टारझन' म्हटले की मागच्या बाकावर खसखस पिकते. १९८५ साली बी. सुभाष यांचा 'ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन' आला. 'डिस्को डान्सर' (१९८२) करणारे हेच ते दिग्दर्शक. संगीत बप्पी लाहिरींचे, नायिका किमी काटकर, आणि टारझन हेमंत बिर्जे. चित्रपट चालला. पुढे बिर्जे रॅमसे बंधूंच्या 'तहखाना' (१९८६) आणि 'वीराना' (१९८८) या दोन चित्रपटांत दिसले, बी. सुभाष यांच्याच 'कमांडो'त (१९८८) दिसले, आणि मग ज्या चित्रपटांची जाहिरात मोठ्या वृत्तपत्रांत कोपऱ्यात येत असे किंवा येतच नसे, अशा चित्रपटांच्या दाट रानात शिरले. त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट एकच: ते मुंबईत पहारेकऱ्याची नोकरी करीत होते आणि त्यांची शरीरयष्टी पाहून त्यांना टारझन केले गेले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत पुन्हा 'टारझन'च होता. छत्तीस वर्षांनीही माणसाच्या आधी लंगोट.

पहारेकऱ्याची ती गोष्ट पाहा. ती खरी असो वा रंगवलेली, तिचे काम काय आहे? या माणसाने काही केले नाही, त्याचे काही केले गेले, एवढे सांगण्याचे. नसीरुद्दीन शाह राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आले, म्हणून ते अभिनय करतात. बिर्जे दारावर उभे होते, म्हणून त्यांना कॅमेऱ्यापुढे उभे केले गेले. एकाचे चरित्र कर्तरी प्रयोगात, दुसऱ्याचे कर्मणी. व्याकरणाच्या शिक्षकांनी तरी हा प्रयोगभेद ओळखायला हवा होता.

आता कोहमाऱ्याकडे येऊ. हा लेख तिथल्या संदर्भाशिवाय लिहिता आला असता, पण मग त्याला धार राहिली नसती. कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्याचे गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आजचा ५३, मधून जातो. एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावचे. टारझन आला तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मराठी वाचक हा प्रदेश कशामुळे ओळखतो? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे आणि मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या वास्तव्यातून लिहिलेल्या पानांमुळे. दोन्ही मोठे लेखक आहेत, दोघांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. चितमपल्ली २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले याचा या भागाने स्वतःच्या घरातला सत्कार असल्यासारखा आनंद मानला. परंतु या पुस्तकांतून मराठी साहित्याच्या मनात या अरण्याचे जे चित्र ठसले त्यात एक निरीक्षक आहे, एक पाणवठा आहे, पक्षी आहेत, शांतता आहे. या अरण्याच्या कडेला राहणारी माणसे संध्याकाळी काय पाहत होती, हे त्यात नाही. ते त्या पुस्तकांचे काम नव्हते, मान्य. पण ते कोणाचे तरी काम होते.

ती माणसे टारझन पाहत होती. जत्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये, लग्नाच्या दुसऱ्या रात्री भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. आमच्यापैकी एकाने तो असाच पाहिला: अंगणात खाटेवर ठेवलेला दूरदर्शन संच, समोर अर्धे गाव, आणि जंगलात राहणारी माणसे पडद्यावरचे जंगल पाहून खो खो हसताहेत. ते हसणे आणि चर्चासत्रातले हसणे यांत फरक आहे. तिथे लोक खोट्या झाडाला हसत होते, खोट्या आदिवासींना हसत होते. झाडावरच्या माणसाला हसत नव्हते. तो उडी मारी तेव्हा अंगण गप्प होई. फांदीवरून उडी मारणे म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना समीक्षकांपेक्षा अधिक कळत होते.

भारतीय टारझनची परंपरा बिर्जे यांच्यापासून सुरू होत नाही. एडगर राइस बरोज यांची मूळ कथा १९१२ ची. वाडिया मूव्हिटोनचा 'तूफानी टारझन' १९३७ सालचा, दिग्दर्शक होमी वाडिया, नायक जॉन कावस. याच होमी वाडियांनी १९५८ साली 'झिंबो' काढला, नायक आझाद. साठच्या दशकात दारासिंग या रानात उतरले. म्हणजे ही अर्ध्या शतकाची, मुंबईत रुजलेली, शरीरप्रधान नटांची एक घराणेदार परंपरा आहे. व्हॅलेंटिना व्हिताली यांचा हिंदी मारधाडपटांवरील ग्रंथ २००८ साली आला आणि त्यात या परंपरेला गंभीर अभ्यासविषयाचे स्थान मिळाले. तो इंग्रजीत आहे. रॅमसे बंधूंवर शाम्य दासगुप्तांचे पुस्तक २०१७ चे, मुंबई भयपटांवर कार्तिक नायर यांचे २०२४ चे, तीही इंग्रजीत. मुंबईच्या कारखान्यात, महाबळेश्वरच्या विश्रामगृहात, मराठी तंत्रज्ञांच्या आणि मराठी नटांच्या हातून तयार झालेला हा माल. त्याची चिकित्सा इंग्रजीत. आणि मराठी विभागात त्यावर विनोद. या श्रमविभागणीची आम्हाला लाज वाटते.

'पण अभिनय कुठे आहे?' हा आक्षेप येणारच. त्याला सरळ उत्तर देतो.

टारझनला भाषा नसते. अर्ध्या चित्रपटात त्या नटाला संवाद हे साधनच उपलब्ध नाही. ज्या मराठी रंगभूमीने आपल्याला अभिनय म्हणजे वाचिक असे शिकवले, जिथे नटाची थोरवी स्वगताच्या लांबीवर मोजली गेली, तिथल्या प्रेक्षकाला हा नट 'काहीच करत नाही' असे वाटणे साहजिक आहे. पण आंगिक हाही अभिनयच आहे, आणि भरताने चार प्रकार सांगताना त्याला पहिला मांडला आहे. बिर्जे पडद्यावर करतात ते एवढेच: त्यांच्या चालण्यात लाज नाही. जवळजवळ उघड्या शरीराने कॅमेऱ्यापुढे, पन्नास-साठ कामगारांपुढे उभे राहून शरीराची जाणीव नसल्यासारखे वावरणे. ज्यांना हे सोपे वाटते त्यांनी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात अंगरखा काढून पाच पावले चालून दाखवावे. अवघडलेपण प्रथम खांद्यांत येते. बिर्जे यांच्या खांद्यांत ते नाही. त्यांच्या चेहऱ्याच्या मर्यादा आम्हाला दिसतात, संवाद आला की ते कसे लाकडासारखे होतात हेही दिसते. आम्ही त्यांना थोर नट ठरवायला निघालेलो नाही. त्यांनी एक विशिष्ट काम केले आणि ते काम वर्णन करण्याजोगे आहे, एवढेच म्हणतो आहोत.

रॅमसेपटांत काम वेगळे होते. इथे भरताला पुन्हा बोलवावे लागेल. भयानक रसाचे विभाव सांगताना नाट्यशास्त्र भेसूर आवाज, भूतपिशाच्चांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्यात जाणे अशी यादी देते. रॅमसे बंधूंनी नाट्यशास्त्र वाचले असण्याचा संभव नाही. पण त्यांच्या कलादिग्दर्शकाला सामानाची चिठ्ठी द्यायची असती तर हीच द्यावी लागली असती. हवेली, घुबड, धुके, जंगलातली वाट. आता विभाव पैसे खर्चून उभे करता येतात. थोड्या पैशांत थोडे उभे राहतात, रबराचा मुखवटा रबराचाच दिसतो. अनुभाव मात्र नटाने द्यायचा असतो: कंप, स्वरभेद, पाय जागच्या जागी खिळणे. मुखवटा जितका स्वस्त, तितका समोरच्या नटावरचा भार अधिक. श्रीमंत भयपटात राक्षस घाबरवतो. गरीब भयपटात राक्षसाकडे पाहणारा घाबरवतो. 'वीराना'त बिर्जे यांना हे काम मिळाले: ज्या गोष्टीवर सेटवरचा एकही माणूस विश्वास ठेवत नाही, तिच्याकडे विश्वासाने पाहणे. त्यांनी डोळा मारला असता, एकदा जरी ओठांच्या कोपऱ्यातून हसले असते, तर चित्रपट कोसळला असता. त्यांनी तो मारला नाही. याच चित्रपटात सतीश शाह हे हिचकॉक नावाच्या भयपट बनवणाऱ्याचे पात्र करतात, म्हणजे स्वतःची थट्टा करण्याचे खाते चित्रपटाने निराळे ठेवले होते आणि ते अनुभवी विनोदी नटाकडे दिले होते. बिर्जे यांच्याकडे आले ते बिनथट्टेचे खाते. आणि एक योगायोग: 'वीराना'त त्यांच्या पात्राचे नाव हेमंतच आहे. जगाने ज्याला टारझन म्हटले त्याला त्याच्या नावाने हाक मारली ती एका भुताटकीच्या चित्रपटाने.

आता दुसरे उदाहरण, साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक टोचणारे. 'अर्धसत्य' (१९८३) आपण शिकवतो. श्री. दा. पानवलकरांची कथा 'सूर्य', तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता, निहलानींचे दिग्दर्शन, आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. त्या खुर्चीत सैल बसलेल्या माणसावर मराठीत किती लिहिले गेले! लिहिलेच पाहिजे होते. याच अमरापूरकरांनी पुढच्याच वर्षी, १९८४ साली, रॅमसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये काम केले. त्यावर? शांतता. जणू त्या वर्षी त्यांच्या देहात दुसरेच कोणी राहत होते. २०१४ साली ते गेले तेव्हा मृत्युलेखांतून रामा शेट्टी होता, 'सडक'मधली महाराणी होती, रंगभूमी होती. 'पुराना मंदिर' मृत्यूनंतरही पत्रिकेतून वगळला गेला. मोहन जोशींचेही तेच. कांती शाह यांच्या 'गुंडा'त (१९९८) ते पोते या खलपात्राच्या भूमिकेत आहेत. पुढे ते अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले. परिषदेच्या सत्कारात 'गुंडा'चा उल्लेख व्हावा अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे हे आम्ही जाणतो. पण नट एकच असतो. त्याचे घरभाडे ज्या कामातून जाते तेही त्याचेच काम असते. श्रीराम लागूंनी 'लमाण'मध्ये, हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये नटाच्या आयुष्यातील पोटापाण्याची बाजू इतक्या उघडपणे मांडलेली असताना, त्यांचे वाचक म्हणवणाऱ्यांनी बाकीच्या नटांना ही बाजूच नाही असे वागावे, हे विचित्र आहे.

अनिरुद्ध अगरवाल हे मराठी नाहीत, पण इथे त्यांना टाळता येणार नाही. स्थापत्य अभियंता, उंची छातीत धडकी भरवणारी. 'पुराना मंदिर'मधला सामरी आणि 'बंद दरवाजा'मधला (१९९०) पिशाच्चनायक तेच. दहा वर्षांनी शेखर कपूर यांच्या 'बॅंडिट क्वीन'मध्ये (१९९४) बाबू गुज्जर तेच होते. त्या चित्रपटावर आपल्याकडे परिसंवाद झाले, लेख झाले, वास्तववादाची चर्चा झाली. बाबू गुज्जर पाहून वाटणारी दहशत त्या देहाने दहा वर्षे रॅमसेंच्या हवेलीत घोटून घोटून तयार केली होती. एका चित्रपटात जे 'सवंग' तेच दुसऱ्यात 'वास्तव' ठरते, आणि फरक केवळ दिग्दर्शकाच्या पत्त्यात असतो, असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही.

इथवर आमचा रोख प्रतिष्ठित मंडळींवर होता. आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण ती बाजू आम्हाला अधिक धोकादायक वाटते. ती अधिक गोड आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महानगरांतून एक नवा रसिक उदयाला आला. त्याला 'गुंडा'चे संवाद पाठ असतात. तो मित्र जमवून 'वीराना' पाहतो. त्याच्या मते हे चित्रपट इतके वाईट आहेत की ते चांगले आहेत. त्यांना तो 'कल्ट' म्हणतो. वरवर पाहता हा आमचा मित्र. त्याच्यामुळे जुन्या प्रती शोधल्या गेल्या, भित्तिपत्रके जपली गेली, हे उपकार आम्ही मानतो. परंतु या रसिकतेच्या तळाशी एक अट आहे: चित्रपटातल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत नसले पाहिजे. त्याला कळत होते असे निघाले तर मौज संपते. म्हणून या रसिकाला नटाची मुलाखत नको असते, दंतकथा हवी असते. 'वीराना'तील जॅस्मिन हिच्याविषयी किती लिहिले गेले पाहा, आणि ते सगळे ती पुढे कुठे गेली याविषयी. तिने चित्रपटात काय केले, दोन भिन्न मनांच्या स्त्रिया एका चेहऱ्यात कशा वेगळ्या ठेवल्या, याविषयी दोन ओळी शोधाव्या लागतात. प्रतिष्ठित समीक्षक म्हणतो, इथे नट नाहीत. कल्टचा भक्त म्हणतो, इथे नट नाहीत आणि म्हणूनच मजा आहे. पहिला किमान तोंड फिरवतो. दुसरा तिकीट काढून येतो आणि तेच म्हणतो.

अपवाद आहेत. आशिम अहलुवालियांचा 'मिस लव्हली' (२०१२) या धंद्याकडे हसू न येता पाहतो. 'सिनेमा मरते दम तक' (२०२३) या माहितीपट-मालिकेत या चित्रपटांचे दिग्दर्शक पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि स्वतः बोलले. ते बोलू लागताच प्रेक्षकाचे हसू काही वेळा घशात अडकते, हा त्या मालिकेचा मोठा गुण.

एक खरा आक्षेप उरतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे चित्रपट स्त्रीचा देह विकत होते. 'ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन'ची जाहिरात किमी काटकरांच्या भिजलेल्या कपड्यांवर चालली हे कोणी नाकारू शकत नाही. तो चित्रपट आदिवासींना पिसे लावून नाचवतो; 'शाकाभूमी' नावाची जमात शोधत नायिकेचा बाप रानात जातो आणि ती जमात म्हणजे ढोल, भाले आणि किंचाळ्या. गोंड घरे ज्या अंगणात बसून हा चित्रपट पाहत होती त्या अंगणाचा अपमान त्यात होता. आमच्यातील काहींना वाटते की एवढ्या कारणासाठी हे सगळे प्रकरण मिटवून टाकावे. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांचा राग आम्हाला चर्चासत्रातील हशापेक्षा लाख पटीने मोलाचा वाटतो. आमचे म्हणणे असे: शोषण दाखवायचे असेल तर कोणाचे, कोणत्या दृश्यात, किती मोबदल्यात, कोणाच्या संमतीने हे तपशिलाने सांगावे लागते. नाव न घेता शोषणाचा निषेध करता येत नाही. तसा केला तर तो केवळ नाक मुरडणे होते. आणि त्या पडद्यावर विकला जाणारा देह एकच नव्हता. चित्रपटाची कथाच पाहा: दलिप ताहिल यांचा डी.के. टारझनला पकडून सर्कशीला विकतो. देह पाहून जंगलातून उचललेला माणूस शहरात तिकीट लावून दाखवला जातो. पहारेकऱ्याची ती प्रसिद्ध गोष्ट आणि ही पटकथा शेजारी ठेवून एकदा वाचावी. लेखकाला हे साम्य अभिप्रेत नसेलही. साहित्याच्या अभ्यासात लेखकाला अभिप्रेत नसलेल्या गोष्टींवर आपण पदव्या देतो, मग इथेच कंजुषी का?

अभिरुची कशी फिरते याचे एक उदाहरण या परिसरातच आहे. 'तुंबाड'चे (२०१८) दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या सहलीत एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते भेदरून गेले. त्या भीतीतून पुढे चित्रपट आला, व्हेनिसच्या महोत्सवात गेला, आणि मग मराठी समीक्षेला धारप आठवले. धारप २००८ साली वारले होते. जिवंतपणी त्यांना 'ग्रंथालयातून फाटेपर्यंत वाचला जाणारा लेखक' एवढीच जागा होती. म्हणजे आपली समीक्षा भयकथेकडे वळते, पण मान्यवरांनी बोट दाखवल्यावर आणि लेखक गेल्यावर. नटांच्या बाबतीत तरी आपण थोडी घाई करावी.

कोहमाऱ्याच्या चौकात हिवाळ्यात उभे राहिले की ही घाई का करायची ते कळते. दिवाळीनंतर मंडई भरू लागते, शंकरपट होतात, आणि भिंती झाडीपट्टीच्या नाटकांच्या फलकांनी झाकल्या जातात. वडसा म्हणजे देसाईगंज ही या रंगभूमीची पेठ. तिथून नाटक मंडळ्या ठरतात आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत होळीच्या आसपासपर्यंत रात्रभर प्रयोग चालतात. शेतात कनाती, समोर पेटी आणि तबला, रोज नवे गाव. शीर्षके भडक, कथानके खून-बलात्कार-सूड-पश्चात्ताप अशी, मध्ये लावणी, मध्ये हशा. पुण्यामुंबईच्या निकषाने हा सगळा 'सी ग्रेड' माल. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेवर भूमिका अशी त्यांची नोंद वर्तमानपत्रांत छापून आली, आणि आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "हे कोण?" पद्मश्री मिळेपर्यंत आठशे भूमिका अदृश्य राहू शकतात, हे मराठी नाट्यसमीक्षेचे अपूर्व यश म्हणावे लागेल. देशीवादावर तासन् तास बोलणाऱ्या विभागांतून वडशाला जाणारी एसटी कोणी पकडली, तर आम्हाला कळवावे. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. नटांच्या बाबतीत तसे काम विद्यापीठीय पातळीवर व्हायला हवे. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट या रंगभूमीवर आला. म्हणजे आधी चित्रपटवाले पोहोचले.

झाडीपट्टीचा नट आणि बिर्जे यांना आम्ही एका वाक्यात का बसवतो? दोघांच्या कामाची अट सारखी आहे म्हणून. तालमीला वेळ नाही, संहिता अपुरी, पैसा थोडा, आणि समोरचा प्रेक्षक निर्दय. अशा अटीत नट ज्या युक्त्या शोधतो, आवाज कुठे लावायचा, चुकलेल्या सहनटाला कसे सावरायचे, रबराच्या मुखवट्याकडे कसे पाहायचे, त्या युक्त्यांचे शास्त्र कोणत्याही नाट्यशाळेच्या पुस्तकात नाही. ते माणसांत आहे, आणि माणसे म्हातारी होत आहेत. तुलसी रॅमसे २०१८ साली गेले, श्याम रॅमसे २०१९ साली. त्यांच्यासंगे दिव्याखाली उभे राहणारे पुष्कळ जण अजून आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून रिळे सांभाळते. रिळांत मावत नाही ते सांभाळण्याचे काम भाषेच्या विभागांचे आहे, कारण प्रश्न विचारणे आणि उत्तर नीट उतरवून घेणे ही भाषेचीच विद्या.

म्हणून आमची मागणी अगदी साधी, कारकुनी स्वरूपाची आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधांसाठी 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' हा विषय आणखी पाच वर्षे नाही दिला तरी ग्रामीण कादंबरीचे काही बिघडणार नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एक नट द्यावा. ज्याचे नाव भित्तिपत्रकावर तिसऱ्या ओळीत आहे, असा. त्याच्या कामांची सनावळ करावी, ज्या भूमिका पाहायला मिळतात त्या दोनदा पाहाव्यात, पहिल्यांदा हसून घ्यावे, दुसऱ्यांदा त्याचे हात कुठे आहेत ते लिहावे. माणूस भेटला तर 'तुम्हाला वाईट वाटत नाही का?' हा प्रश्न विचारू नये. 'त्या दृश्याच्या आधी तुम्हाला काय सांगितले होते?' हा विचारावा.

ज्या विद्यार्थिनीचा प्रश्न हशात बुडाला, तिने वही घातली आहे. पहिल्या पानावर 'बिर्जे, हेमंत' असे आडनाव आधी लिहून, ग्रंथालयाच्या पद्धतीने, खाली १९८५ पासूनची नोंद सुरू केली आहे. टारझन हा शब्द तिने भूमिकेच्या रकान्यात टाकला आहे. मार्गदर्शक कोण, हा रकाना अजून रिकामा आहे. आमच्यापैकी दोघांनी अर्ज केला असून विभागाचा निर्णय यायचा आहे.